दुसरे कडवे

३ जून, मंगळवार

कॉफीच्या अतिरेकाविषयी एक गंभीर तक्रार आज नोंदवून ठेवणे मला भाग आहे. सकाळी सातला दोना जासिरा नेहमीप्रमाणे माझ्या खिडकीच्या कठड्यावर पेला ठेवून गेल्या. आठला दुसरा आला. पावणेनऊला तिसरा. तिन्ही वेळा वाक्य तेच, सूरही तोच: "ऊठ रे प्रोफेसर, सूर्य म्हातारा झाला." मी केव्हाचा उठून, दाढी करून, पुण्याच्या साप्ताहिकाला पाठवायच्या वार्तापत्राचा मायना लिहून बसलो होतो. तिसरा पेला नाकारावा असे मनात आले, पण आतिथ्याचा भंग नको म्हणून तोही प्राशन केला. अतिथीला मधुपर्क एकदाच देतात, हे या बाईंना कोणी सांगावे? दुपारपर्यंत हात कापत होते, आणि मायन्यापुढे वार्तापत्र गेले नाही.

नवी वही सुरू करताना पात्रपरिचय करून द्यावा, असा माझा जुना नियम आहे. उद्या वही कोणाच्या हाती पडली तर त्याचा घोळ होऊ नये. रिओच्या या उत्तरेकडच्या उपनगरात मराठी वाचणारा माझ्याशिवाय दुसरा प्राणी नाही, हा भाग वेगळा.

तर दोना जासिरा (दोना म्हणजे आपले 'बाई'), वय एकोणसत्तर, माझ्या घरमालकीण. सोळाव्या वर्षापासून पेद्रेइरा वस्तीच्या सांबा मंडळात गातात; सांबा म्हणजे इथले ढोलक्यावरचे गाणे. काही वर्षे रेडिओवर गायल्या. चौऱ्याहत्तर साली त्यांची एक तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावर कंपनीने दुसऱ्याच, उजळ रंगाच्या मुलीचा फोटो छापला. "पोरगी दिसायला छान होती रे," त्या अजून हसत सांगतात, "तिच्यामुळेच तेवढ्या तरी खपल्या." त्यानंतर बावीस वर्षे एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दीडदीडशे माणसांचा काळा घेवडा शिजवला आणि शनिवारी आपल्या अंगणात गायल्या.

मी, वय त्रेपन्न, मागच्या खोलीत एकोणीस वर्षे. आलो होतो दोन वर्षांसाठी, विद्यापीठात संस्कृत शिकवायला. विद्यापीठाचे संस्कृत दोन वर्षांत संपले, माझे शिल्लक राहिले. आता आठवड्यातून दोनदा कोपाकाबानाला जाऊन योगासने करणाऱ्या बायकांना विसर्गाचा उच्चार शिकवतो, आणि पंधरा दिवसांनी एक वार्तापत्र लिहितो. ते वाचकांना आवडते असे संपादक कळवतात. वाचकांनी स्वतः अद्याप काही कळवलेले नाही.

काल एवान्द्रो आला होता. तिशीचा पोरगा, केस शेंडीसारखे बांधलेले. जुने सांबा हुडकून त्यांच्या सीडी काढतो. त्याला बेलार्मिनोचे बारा सांबा हवेत. बेलार्मिनो हा मंडळाचा सर्वांत मोठा कवी, वारून अकरा वर्षे झाली. त्याने जन्मात एक ओळ कागदावर लिहिली नाही. त्याचे एवढेच बारा उरले आहेत, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण कधी झाले नाही. ते आता फक्त दोना जासिरांच्या डोक्यात आहेत. बावीस आणि तेवीस जुलै या तारखा ठरल्या.

"हे गेले तर गेलेच, प्रोफेसर," एवान्द्रो म्हणाला.

मी त्याला सांगितले की माझ्या पूर्वजांनी चार वेद असेच तोंडपाठ ठेवले.

"हो?" तो म्हणाला. "सीडी निघाली का त्याची?"

७ जून, शनिवार

अंगणात आंब्याखाली बैठक. मध्ये टेबल, त्याभोवती गाणारे-वाजवणारे, त्यांच्याभोवती गल्ली. घेवडा, डुकराचे मांस, संत्र्याच्या फोडी. मी शाकाहारी असल्याने गेली एकोणीस वर्षे संत्र्याच्या फोडी.

दोना जासिरांनी दिव्याचा सांबा धरला. त्याचे ध्रुपद आता मलाही येते:

टेकडीवर दिवा लागला, खाली दिसतो का?
दगड फोडून जो दमला, तो घरी येतो का?

सगळ्या अंगणाने ते उचलले. मग दुसरे कडवे. ते एकट्या गाणाऱ्याचे. दोना जासिरांनी डोळे मिटले, दोन बोटे कपाळावर टेकवली. वाजवणारे एक आवर्तन थांबले, मग आणखी एक. आणि त्यांनी एकदम एका लंगड्या कोंबडीवर आणि एवान्द्रोच्या शेंडीवर कडवे गायले. अंगण हसून लोळले. मागच्या शनिवारी याच जागी पावसाचे कडवे होते, त्याच्या आधी कोणाच्या तरी बहिणीच्या लग्नाचे. जागच्या जागी कडवी रचण्याची रीत इथे जुनी आहे, आणि ज्याला ती साधते त्याचा मान मोठा.

"झरा आहे, झरा!" एवान्द्रो माझा दंड दाबत म्हणाला. "या वयात!"

तीन आठवड्यांत तीन पाठभेद. पोथ्या चाळण्यात उमर घालवलेल्या माणसाला याहून मोठी मेजवानी नाही. वार्तापत्राचा विषय मिळाला. 'नवनवोन्मेषशालिनी' हा शब्द पहिल्याच वाक्यात घातला. संपादकांना विशेषणे कापायला आवडतात, म्हणून चार जास्तीची घातली.

लोक गेल्यावर भांडी विसळताना दोना जासिरांनी विचारले, "आज कोण कोण आलं होतं रे?" मी नावे सांगितली. त्यांनी प्रत्येक नावाला मान डोलावली. थोड्या वेळाने पुन्हा विचारले. दमल्या असाव्यात.

१२ जून, गुरुवार

आज इथे प्रेमिकांचा दिवस. बेकरीवाल्याने पावालासुद्धा लाल फीत बांधली होती. मी एक पाव घेतला आणि फीत सोडून ठेवायला सांगितली.

दुपारी दोना जासिरा स्वयंपाकघरात पालेभाजी चिरत बेलार्मिनोविषयी बोलत बसल्या.

"रचायचा बायकोच्या टेबलावर, गायचा माझ्या," त्या म्हणाल्या. "आणि जेवायचा दोन्हीकडे, मेला."

"बायको होती त्याला?"

"होती म्हणजे? आहे. लिंदाउरा. एक स्टेशन पुढे राहते. माझ्या उजव्या हाताला उभी राहायची. बायकांत आम्ही दोघी पहिल्या."

मंडळात ध्रुपद उचलून गाणाऱ्या या बायकांना इथे मेंढपाळणी म्हणतात. मी माझ्या सोयीसाठी गवळणी म्हणतो. जुन्या काळी कवीने मंडळाच्या पटांगणात येऊन नव्या सांब्याचे ध्रुपद तीनदा म्हणायचे. गवळणींनी ते उचलले तर सांबा जगला.

"आणि नाही उचललं तर?"

"तर आम्ही डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधायचो. एवढंच. वाईट बोलायचं नाही, काही नाही. माणूस वाद्य काखेत मारून मुकाट घरी. एकदा एक जण तिथेच बसून रडला होता. लिंदाउराचा रुमाल फार लवकर सुटायचा."

"मग तुमचं दोघींचं भांडण झालं?"

"भांडण कसलं? एके दिवशी ती माझ्या उजवीकडून निघून गेली. एकतीस वर्षं झाली."

मी विचारले, बेलार्मिनो गेल्यापासून एकटे वाटत नाही का. त्यांनी सुरी थांबवली. "तुला वाटतं का?"

"मला? छे. मला कामं असतात."

मग जेवताना त्यांनी माझ्या ताटात न मागता आणखी एक डाव भाजी वाढली.

१८ जून, बुधवार

घेवडा करपला. पातेल्यासकट. दोष संत आंतोनियोंना देण्यात आला, कारण सध्या त्यांचे दिवस आहेत. संध्याकाळी दोना जासिरांनी मला 'बेलो' म्हणून हाक मारली आणि उशीर केला म्हणून चांगले झापले. बेलो म्हणजे बेलार्मिनो. त्यांची थट्टा करायची पद्धत. पदोन्नती समजून मी माफी मागितली.

लेख टपालात टाकला.

२८ जून, शनिवार

दोना लिंदाउरा आल्या! वय चौऱ्याहत्तर, अंग काटकुळे, पांढऱ्या पोशाखाला कडक इस्त्री, डोक्याला जांभळा रुमाल, म्हणजे मंडळाचे दोन्ही रंग. अंगणात त्यांचे पाऊल पडले आणि वाजवणाऱ्यांचे हात थबकले. दोना जासिरांनी मान वर केली.

"खुर्ची द्या रे तिला. उभं राहायची सवय गेली असेल."

"बसायला नाही आले," दोना लिंदाउरा म्हणाल्या. "ऐकायला आले. सीडी निघतेय म्हणे माझ्या नवऱ्याची."

"नवऱ्याची नाही. सांब्यांची."

"तेच ऐकायचंय."

दिव्याचाच सांबा धरला. ध्रुपदावर अंगण दणाणले. दोना जासिरांची बोटे कपाळाला गेली, आणि आज एक जहाज आले, त्यावर एका जनरलची विधवा, तिच्या हातात पोपट. टाळ्या, शिट्ट्या. मी दोना लिंदाउरांकडे पाहिले. ओठ मिटलेले. त्यांनी दोन्ही हात वर नेले, रुमालाची गाठ सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली. म्हाताऱ्या बायकांपैकी दोघींचे गाणे तोंडातच राहिले. दोना जासिरांनीही ते पाहिले. पुढचे ध्रुपद त्यांनी अर्ध्या आवाजात म्हटले.

जाताना फाटकाशी दोना लिंदाउरांनी मला गाठले. "प्रोफेसर तुम्हीच ना? याच घरात राहता ना?"

"एकोणीस वर्षे."

"मग डोळे कुठे ठेवता?"

"म्हणजे?"

"ते कडवं त्याचं नव्हतं."

"त्या नवीन रचतात. त्यांची प्रतिभा..."

"जासिराला जन्मात दोन ओळी रचता आल्या नाहीत. गळा तिचा, शब्द त्याचे. ती रचत नाहीये हो. ती चाचपडतेय."

आणि चालू लागल्या. सवतीमत्सर एकतीस वर्षे इस्त्री करून ठेवला तरी त्याची घडी मोडत नाही. हे वाक्य पुढच्या वार्तापत्राला बरे आहे.

३० जून, सोमवार

दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. माझे नव्हे, त्यांचे. म्हणून आज एक प्रयोग केला.

"दोना जासिरा, दिव्याच्या सांब्याचं दुसरं कडवं सांगता? लेखासाठी हवंय." लेख जाऊन बारा दिवस झाले होते.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता गायल्या. आगगाडीच्या शिट्टीचे कडवे आले.

"आणि परवाचं, जहाजाचं?"

"कसलं जहाज?"

"तुम्ही परवा गायलात ते. पोपट होता त्यात."

"कोण गायलं?" मग त्यांना माझ्या हातातली पेन्सिल दिसली. "पोलिसात लागलास का रे?" त्या उठून नळापाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. नळ सोडला, त्याखाली काही धरले नाही.

दुपारभर माझ्या जुन्या वह्या काढून बसलो. एकोणीस वर्षांच्या बावीस वह्या. या काळात दर शनिवारी माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर ते बारा सांबा गायले जात होते. एखादे तरी कडवे टिपलेले असेल. शेजारच्या कोंबड्याविरुद्ध तक्रारी सापडल्या, सदतीस. पावाच्या कडकपणाविषयी अकरा. पुण्याहून पत्र न आल्याच्या नोंदी मोजल्या नाहीत. 'अंगणात गाणे. डोके दुखले.' असे काही ठिकाणी. गाण्याविषयी बरी म्हणावी अशी एकच ओळ मिळाली, एक्क्याऐंशी सालची: 'दोना जासिरा आज फार सुरेख गायल्या.'

काय गायल्या, ते लिहिलेले नाही.

६ जुलै, रविवार

सकाळी दोना जासिरा माझ्या खोलीत आल्या. खिडकीपाशी येतात, आत येत नाहीत. आज येऊन खुर्चीवर बसल्या.

"एवान्द्रोला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस." त्या माझ्या पुस्तकांकडे पाहत म्हणाल्या, "ध्रुपद असतं रे जागेवर. पुढचं दार आपलंच, किल्लीही लागते. आत गेलं की सामान कुणीतरी हलवलेलं. मग मी जे हाताला लागेल ते उचलून बाहेर येते. आणि लोक टाळ्या वाजवतात."

मी डॉक्टरांचे नाव काढले.

"बावीस वर्षं इस्पितळात काढलीत मी. ते काय सांगतात ते माहीत आहे, आणि मग जेवायला काय देतात तेही."

मला वाटले आपण धीर द्यावा. म्हणालो, "मग तुमचीच कडवी जाऊ द्या सीडीवर. लोकांना आवडताहेत. कोणाला कळणार आहे?"

घेवड्याच्या पातेल्यात थुंकलो असतो तरी त्यांनी माझ्याकडे असे पाहिले नसते.

"एकेक शब्द तो महिना महिना तोंडात घोळवायचा. आवडला नाही तर टाकायचा, पुन्हा पहिल्यापासून. आणि मी तिथे कोंबडी बसवू? त्याच्या नावाने? बारा सांबा राहिलेत त्याचे जगात, प्रोफेसर. दुसरं काही नाही राहिलं. पोर नाही, घर नाही."

"दोना लिंदाउरांना येत असतील."

"तिला सगळं येतं. म्हणूनच तिला विचारणार नाही."

दारातून परत वळल्या. "भूक लागली का तुला? जेवलास का?" सकाळचे नऊ वाजले होते.

यापुढे डोळे उघडे ठेवायचे ठरवले आहे. हा फारसा आनंददायक उपक्रम नाही.

११ जुलै, शुक्रवार

न सांगता दोना लिंदाउरांकडे गेलो. त्या इस्त्री करत होत्या.

"वकिली करायला आलात तिची?"

"मी भाडेकरू आहे."

"तेच ते. काय म्हणतेय? मला बोलावणार नाही म्हणतेय ना?"

त्यांनी बाहीची घडी घातली. मी विचारले, बाराही येतात का.

"या टेबलावर बसून तो चमच्याने ताल धरायचा. एक ओळ चाळीस चाळीस वेळा. कोणाकडे न्यायला चाललंय ते मला काय कळत नव्हतं? मग मीही पाठ केलं सगळं. नीट राग धरायचा तर नीट पाठ पाहिजे." आणि इस्त्री न थांबवता, वाण्याची यादी वाचावी तशा आवाजात त्यांनी दिव्याचे दुसरे कडवे म्हटले:

तेल सरले तरी वात सांगते, मी इथेच आहे;
चढ थोडा उरला, उजेड थोडा उरला,
तू चालत राहा, दोन्ही पुरतील.

मी पेन्सिल काढली.

"लिहू नका. कागदाचा तिला उपयोग नाही, तिला बसच्या पाट्या तेवढ्या वाचता येतात. आणि हे असं जातही नाही. गाणारी अडली की उजवीकडच्या बाईने ओळीचा पहिला शब्द टाकायचा. जरासा आधी, हळू, फक्त तिला ऐकू जाईल असा. ते काम माझं होतं."

"मग याल?"

"ती माझ्या दारात येऊन बोलावेल तर. माणूस पाठवून नाही."

घरी येऊन निरोप सांगितला. दोना जासिरा म्हणाल्या, "वाट बघ म्हणावं."

१६ जुलै, बुधवार

एक वाजता कोपाकाबानाहून परतलो. घर उघडे. चुलीवर पातेले, खाली आच नाही. दोना जासिरा नाहीत. समोरच्या बाईने सांगितले, सकाळी नऊला ठेवणीतला पोशाख घालून स्टेशनाकडे गेल्या. कुठे म्हणून विचारले तर म्हणाल्या, एक स्टेशन पुढे.

एक स्टेशन म्हणजे चार मिनिटे.

स्टेशनावर जाऊन आलो. बाजारात, चर्चमध्ये, पुन्हा स्टेशनावर. दोना लिंदाउरांच्या दाराला कुलूप. एवान्द्रोला फोन करावा तर बोलायचे काय? परत येऊन फाटकाशी उभा राहिलो. उभे राहण्याखेरीज माझ्याकडे काहीच उपाय नाही, हे तिथे उभे राहिल्यावर कळले. कोणाकडे चौकशी करायची म्हटली तर माझी ओळख म्हणजे दोना जासिरांचा प्रोफेसर, एवढीच.

चारच्या सुमाराला गल्लीच्या वळणावर दोन म्हाताऱ्या दिसल्या. एकीने दुसरीचे कोपर घट्ट धरलेले, आणि दोघी तोंडाने अखंड भांडत होत्या.

"हळू चाल गं, मेले. तुझ्यासारखे काटक्यांचे पाय नाहीत माझे."

"काटक्या सरळ घरी येतात. तू कुठे गेली होतीस?"

मंडळाचे जुने पटांगण होते तिथे गेल्या होत्या. पंचवीस वर्षांपासून तिथे टायरचे दुकान आहे. पाच तास त्या टायरांच्या राशीत उभ्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, बाकीच्या बायका अजून कशा आल्या नाहीत. दुकानदार जुना माणूस. त्याने बेलार्मिनोच्या बायकोला निरोप धाडला.

"घ्या तुमची मालकीण," दोना लिंदाउरा मला म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळून: "उद्या दहाला येते. घसा गरम करून ठेव."

"तुला कोणी बोलावलं?"

"तूच बोलावलंस. टायरवाल्याच्या दारात."

दोना जासिरांनी पोशाखावरची काजळी झटकली. "निघाले होते मी तुलाच बोलवायला," त्या म्हणाल्या. "रस्ता तेवढा कुणीतरी हलवून ठेवला होता."

२२ जुलै, मंगळवार

ध्वनिमुद्रणाचा पहिला दिवस. एवान्द्रोने मागे गाण्यासाठी तीन शिकलेल्या मुली आणल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात ध्रुपदांचा कागद.

"या पोरी कोण?" दोना लिंदाउरांनी विचारले.

"कोरस, मावशी."

"चहा पाज त्यांना आणि घरी पाठव."

मग यंत्रवाल्याला दोघी वेगवेगळ्या खोल्यांत हव्या होत्या, दोन माइकपुढे. आवाज स्वच्छ येतो म्हणे. दोघी एकदमच "नाही" म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांचे एकमत झालेले बहुधा हे पहिलेच. एवान्द्रोने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. एकच माइक लागला.

मी काचेच्या अलीकडे. दोना जासिरांचे डोळे मिटायचे, बोटे कपाळाला जायची, आणि त्याच क्षणी दोना लिंदाउरांचे ओठ हलायचे. काचेतून मला शब्द ऐकू येत नव्हता. लगेच दोना जासिरांचा जाड, खरबरीत, तालाच्या किंचित मागून येणारा आवाज ती ओळ घेऊन निघायचा, जणू तिथेच ठेवलेली होती. सात सांबा झाले. एवान्द्रो म्हणाला, आज मावशींनी एकही नवं कडवं रचलं नाही, मूड नाही वाटतं.

२३ जुलै, बुधवार

अकरा झाले. बारावा राहिला. त्याचे ध्रुपद:

जाताना दार ओढून घे, वारा आत येतो;
येताना हाक नको मारू, पाऊल कळते मला.

दोना जासिरांची बोटे कपाळाला गेली. दोना लिंदाउरांचे ओठ हलले नाहीत. वाजवणारे एक आवर्तन थांबले. दोन. तीन. गिटार बंद पडली.

"टाक ना शब्द," दोना जासिरा म्हणाल्या.

"हे मला येत नाही."

"येत नाही म्हणजे? म्हणून घरी रोज अकरावरच उठायचीस?"

"इथवरच होता तो माझ्या टेबलावर. पुढचं त्याने तुझ्याकडे केलं."

एवान्द्रोने कळ दाबून विचारले, "काय झालं, मावशी?"

"आठवत नाही," दोना जासिरा माइकमध्ये म्हणाल्या. स्वच्छ, मोठ्याने. "हे नाही आणि बाकीचीही नाहीत. कधीची आठवत नाहीत. ही सांगतेय म्हणून गातेय."

काचेत मला एवान्द्रोचा चेहरा दिसला. सगळे शनिवार त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेले. जुन्या वह्या चाळल्या त्या दुपारी माझ्याही चेहऱ्यावरून तसेच गेले असतील; तेव्हा मला पाहायला कोणी नव्हते. तो म्हणाला, "अकरा पुष्कळ झाले, मावशी. अकराच घेऊ."

"तू गप रे," दोना लिंदाउरा म्हणाल्या. आणि दोना जासिरांना: "गा."

"काय गाऊ? त्याचं नाही येत मला."

"त्याचं कोणालाच येत नाही आता. ध्रुपद गा, मग तुझं गा. मी ऐकते."

दोना जासिरा ध्रुपद गायल्या. या वेळी बोटे कपाळाला लावली नाहीत.

दार मी ओढले नाही, वारा ओळखीचा झाला;
दिवा कुठे ठेवला ते विसरून गेले,
अंधार आहे रे, आता तूच मला शोध.

दोना लिंदाउरांचा हात डोक्याकडे गेला. रुमालाच्या गाठीपर्यंत. मी श्वास धरून पाहत होतो. हात तिथे थांबला, मग खाली आला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या काटकुळ्या बाईने पूर्ण आवाजात ध्रुपद उचलले. तीनदा. तिसऱ्या वेळी गिटारवाले आले, ढोलके आले.

नंतर एवान्द्रोने विचारले, याला कवी म्हणून नाव कोणाचे लावू?

"त्याचं आणि तिचं," दोना लिंदाउरा म्हणाल्या. "लिही माझ्यासमोर."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटले, दोना जासिरांना दोन ओळी रचता येत नाहीत असे तुमचेच मत होते.

"दोन नाहीच येत. तीन रचल्या तिने." आणि रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

९ ऑगस्ट, शनिवार

पुण्याहून अंक आला. माझा लेख पान चौदावर, सगळी विशेषणे शाबूत. 'उतारवयात प्रतिभेला फुटलेली पालवी' हे मधल्या चौकटीत, ठळक अक्षरांत. संपादकांना दुरुस्ती पाठवायला हवी. काय लिहावे ते सुचत नाही.

दोना लिंदाउरा रोज येतात. सप्टेंबरपासून दोना जासिरांना आपल्याकडे न्यायचे त्यांनी ठरवले आहे. तिथे पायऱ्या नाहीत, आणि शेजारी जुने आहेत. हे घर बंद होईल. "तुम्ही तुमचं बघा, प्रोफेसर," त्या मला म्हणाल्या. "पुरुषाला काय, खोली कुठेही मिळते." यात वाईट हेतू नव्हता. मी "अर्थात" म्हटले.

आज अंगणात बैठक नव्हती. दुपारी टपालातून परतलो तेव्हा दोना जासिरा आंब्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला पाहून नीट सावरून बसल्या.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"मी इथे मागे राहतो."

"असं होय? एकटेच?"

"हो."

"मग बसा ना. उभे का? आत्ता गाणं सुरू होईल."

मी बसलो. अंगणातले ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत आम्ही दोघे बसून होतो. त्या अधूनमधून फाटकाकडे पाहत होत्या, मीही पाहत होतो.

खरे लिहायचे तर सांब्यांची काळजी आता उरलेली नाही. ते राहतील. दोना जासिरांचीही काळजी मी म्हणतो तेवढी नाही. त्यांना सांभाळणारे माणूस त्यांच्यापाशी आहे. काळजी मला माझी आहे. या शहरात रोज मला हाक मारणारे एकच माणूस होते. ते मला विसरत चालले आहे, आणि त्यानंतर मी कोणाच्याही लक्षात असणार नाही. मला याची भीती वाटते.